लेअर कोंबड्यांमधील लाल माइट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात अंडी घटली की बहुतेक जण आधी खाद्यावर संशय घेतात. खाद्य बदलतात, कॅल्शियम वाढवतात, जंताचं औषध देतात, तरी ट्रे काही भरत नाहीत. अशा वेळी रात्री टॉर्च घेऊन शेडमध्ये एक चक्कर मारलेली बरी. खालचे प्रश्न परसात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्यांचेही आहेत आणि पिंजऱ्यात हजारो लेअर, म्हणजे अंड्यांसाठीच्या कोंबड्या, ठेवणाऱ्यांचेही. जिथे दोघांची पद्धत वेगळी पडते तिथे तसं लिहिलं आहे.

लाल माइट म्हणजे नेमकं काय?

आठ पायांचा, गोचिडाच्या कुळातला बारीक रक्तपिपासू जीव. शास्त्रीय नाव डर्मॅनिसस गॅलिने. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम १ मिलिमीटरची. उपाशी असताना ती करडट पांढरी असते, रक्त प्यायल्यावर लाल होते आणि रक्त पचलं की काळपट तपकिरी दिसते. त्यामुळे नावातल्या ‘लाल’वर विसंबून शोधायला गेलात तर अर्ध्याअधिक माइट नजरेतून सुटतील.

अंड्यातून सहा पायांची अळी निघते, ती रक्त पीत नाही. पुढच्या दोन बाल-अवस्थांना मात्र रक्त लागतंच, आणि मग प्रौढ माइट तयार होते. हवा दमट आणि तापमान २५ ते ३० अंश असेल तर हे सगळं चक्र ७ ते १० दिवसांत पुरं होतं. मादी प्रत्येक वेळी रक्त पिऊन झालं की फटीत ४ ते ८ अंडी घालते; आयुष्यभरात साधारण ३०.

पुढची सगळी उत्तरं एका गोष्टीवर उभी आहेत, ती आत्ताच सांगतो. ही माइट कोंबडीवर राहत नाही. अंधार पडला की फटीतून निघते, कोंबडीच्या अंगावर चढते, अर्धा-एक तास रक्त पिते आणि उजाडायच्या आत परत फटीत जाते. तिचं घर म्हणजे तुमचं शेड. उपचारही शेडवरच करावा लागतो.

दिवसा कोंबडी उलटीपालटी करून पाहिली, अंगावर काहीच नाही. मग ओळखायचं कसं?

दिवसा अंगावर काही न सापडणं हीच तर या माइटची रीत. अंधार पडून दोन तास झाले की टॉर्च घेऊन जा. बसायच्या दांड्याची खालची बाजू पाहा, दांडा जिथे भिंतीत किंवा खांबात बसतो तो सांधा पाहा, मग एक-दोन कोंबड्यांचे पाय आणि छाती पाहा. बारीक ठिपके पळताना दिसले तर शंका उरत नाही.

रात्री जमणार नसेल तर दिवसा दांडा काढून पांढऱ्या कागदावर जोरात आपटा. पडलेली धूळ मिनिटभर न हलवता बघा. धूळ चालायला लागली, की समजून जा. ती बोटाने चिरडली आणि कागदावर रक्ताची रेघ उमटली तर खात्रीच. फटींच्या तोंडाशी मीठ-मिरपूड सांडल्यासारखा करडा रवाळ थर दिसतो. टाकलेल्या कातींचा, अंड्यांचा आणि विष्ठेचा तो साठा असतो. पिंजऱ्याच्या शेडमध्ये हे बघायच्या जागा म्हणजे तारांचे जोड, क्लिपा, फीडर अडकवायचे हूक, अंडी घरंगळत येतात त्या जाळीची खालची कड आणि एकावर एक रचून ठेवलेले ट्रे.

कोंबड्यांचं वागणंही बरंच सांगून जातं. संध्याकाळी आपणहून खुराड्यात शिरणारी कोंबडी दाराशी घुटमळते, झाडावर किंवा गोठ्याच्या पत्र्यावर झोपते. अंडी घालायच्या पेटीत न जाता कुठेतरी आडोशाला अंडं टाकते. रात्री शेडमध्ये कुरबुर चालू राहते. तुरा आणि गालाखालच्या लोळ्या फिक्या पडतात. आणि सकाळी गोळा केलेल्या अंड्यांच्या कवचावर बारीक लाल ठिपके असतात. घरंगळणाऱ्या अंड्याखाली चिरडलेल्या माइटचे ते डाग.

आमच्याकडे सगळ्यालाच उवा, पिसवा म्हणतात. यात फरक करायची गरज आहे का?

आहे, कारण राहण्याची जागा वेगळी म्हणून उपायही वेगळा.

उवा पूर्ण आयुष्य कोंबडीवर काढतात. रंग पिवळसर, दिवसाउजेडी गुदद्वाराभोवतीची पिसं फाकली की पळताना दिसतात आणि पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे पुंजके असतात. इथे औषध कोंबडीच्या अंगावर लागतं.

दुसरी एक माइट आहे, ऑर्निथोनिसस गटातली. आपल्याकडच्या उष्ण हवेत ती चांगलीच आढळते आणि लोक तिलाच लाल माइट समजतात. ती मात्र दिवसाही पक्ष्यावरच असते. गुदद्वाराजवळची पिसं काळी, चिकट, मळकट दिसतात. नुसतं शेड फवारून ती जात नाही, पक्ष्यावर उपचार करावाच लागतो. म्हणून औषध आणण्याआधी हा दिवसा-रात्रीचा तपास करायचाच.

तिसरं म्हणजे कोंबडीचं गोचीड, अर्गास पर्सिकस. जुन्या मातीच्या भिंती, बांबू आणि लाकडी खांब असलेल्या खुराड्यांत ते हमखास असतं. सवय लाल माइटसारखीच, दिवसा फटीत आणि रात्री अंगावर. पण आकाराने चांगलं अर्धा-एक सेंटिमीटर, चपटं आणि चामड्यासारखं. त्याची पिल्लं मात्र कित्येक दिवस पंखाखाली चिकटून राहतात. या गोचिडाची भीती जास्त धरावी, कारण ते स्पायरोकीटोसिस हा रोग पसरवतं. ताप, हिरवी हगवण, पाय लुळे पडणं आणि पटापट मरतूक असं दिसलं तर फवारणीच्या नादी न लागता आधी पशुवैद्यकाला बोलवा.

डोळ्यांभोवती आणि तुऱ्यावर काळे दाणे रुतून बसलेले दिसले तर ते चिकट पिसू. लाल माइटशी त्याचा संबंध नाही.

एवढासा जीव. त्याने असं किती नुकसान होणार?

हिशेब करून बघा. एक माइट एका बैठकीत साधारण ०.२ मायक्रोलिटर रक्त पिते. दीड किलोच्या लेअरमध्ये वजनाच्या ७ ते ८ टक्के, म्हणजे जवळपास ११० मिलिलिटर रक्त असतं. एका कोंबडीमागे ३०,००० माइट आहेत आणि त्यातल्या एक तृतीयांश एका रात्रीत प्यायला निघाल्या असं धरलं, तर रोज २ मिलिलिटर रक्त गेलं. ३०,००० हा आकडा फुगवलेला वाटेल, पण युरोपातल्या पिंजरा-शेडमध्ये एका पक्ष्यामागे ५०,००० पर्यंत माइट नोंदल्या गेल्या आहेत.

गेलेलं रक्त भरून काढायला कोंबडी जास्त खाते, तरी अंडी कमी देते. कवच पातळ होतं. झोप मोडल्याने कोंबड्या चिडचिड्या होतात आणि एकमेकींची पिसं उपटतात. लहान पिल्लं आणि खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबड्या तर रक्त कमी होऊन मरतातही. त्यात साल्मोनेला, कोंबड्यांचा कॉलरा, कोंबड्यांच्या देवी अशा रोगांचे जंतू या माइटमध्ये सापडले आहेत, म्हणजे एका पक्ष्याचं दुखणं दुसऱ्याकडे न्यायला आयतं वाहन.

येते कुठून?

चिमण्या, साळुंक्या आणि कबुतरं शेडच्या पत्र्याखाली घरटी करतात; तिथून. बाजारातून आणलेल्या तलंगांबरोबर (अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्या), त्यांच्या क्रेटमधून. सगळ्यात जास्त, परत येणाऱ्या अंड्यांच्या ट्रेमधून. ट्रे दहा फार्म फिरून तुमच्याकडे येतो. कागदी ट्रे परत घेऊच नये, प्लास्टिकचे असतील तर गरम पाण्यातून काढून उन्हात ठेवूनच आत न्यावेत. नवापूरसारख्या ठिकाणी, जिथे फार्म एकमेकांना खेटून आहेत, बर्ड फ्लूच्या धास्तीने लोक गाड्यांचे टायर फवारतात. ट्रेकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. आणि माणूसही माइट नेतो, कपड्यांतून आणि चपलांतून.

कोणत्या महिन्यांत जास्त त्रास होतो?

जूनपासून दिवाळीपर्यंत. दमटपणा ६० ते ८० टक्के आणि ऊब, दोन्ही तिला हवं तसं मिळतं. कोकणात आणि गोव्यात तर थंडीतही सुटका नसते. विदर्भातल्या मे महिन्यात तापमान ४५ अंशांवर गेलं की उघड्यावरच्या माइट मरतात, पण भिंतीच्या आतल्या फटीत तेवढी झळ पोहोचत नाही. तरी उन्हाळा फुकट घालवू नका. खुराड्याचे सुटे भाग तापलेल्या पत्र्यावर दोन-तीन दिवस उलटसुलट वाळवून काढायला याहून स्वस्त हत्यार नाही.

बॅच विकली की महिनाभर शेड रिकामं ठेवतो. उपाशी मरतील ना?

नाही. थंड, दमट आडोशाला ही माइट रक्ताविना सात-आठ महिने तग धरते. महिन्याभराच्या रिकाम्या शेडचा उपयोग तेव्हाच, जेव्हा तो महिना साफसफाईत जातो. नुसतं कुलूप लावून काही होत नाही. नव्या तलंगा आल्या की पहिल्या रात्रीपासून जेवणावळ सुरू.

परसातलं छोटं खुराडं आहे. कुठून सुरुवात करू?

ऊन असलेला दिवस निवडा. कोंबड्या सकाळी बाहेर सोडल्या की खुराडं पूर्ण रिकामं करा. जुना पेंढा, तूस, भुसा घरापासून लांब नेऊन जाळा. उकिरड्यावर टाकलात तर माइट चालत परत येतील. दांडे, पेट्या, फळ्या, डालगी, निघेल ते सगळं बाहेर काढा. खराट्याने आणि तारेच्या ब्रशने फटी खरवडा. मग प्रत्येक फटीत, सांध्यात उकळतं पाणी ओता. भांडी घासायच्या साबणाचं दाट पाणीही चांगलं काम करतं, ते माइटला भिजवून मारतं. या दोन गोष्टींवर लोकांचा विश्वास बसत नाही, कारण त्या दुकानात पैसे मोजून आणलेल्या नसतात. पण उकळत्या पाण्याला कोणतीही माइट सरावत नाही.

वाळल्यावर फटी बुजवा. मातीच्या भिंतीला शेणमातीचा दाट गिलावा, विटांच्या भिंतीला सिमेंट आणि वरून चुन्याचा जाड हात. चुना फटी भरून काढतो, हाच त्याचा मोठा उपयोग. लाकडी दांड्याची साल सोलून टाका, सालीखाली शेकड्यांनी बसतात. शक्य असेल तर दांडा भिंतीत खुपसायच्या ऐवजी दोन लोखंडी आकड्यांवर ठेवा, म्हणजे रोज काढता येईल आणि माइटला चढायची वाट दोनच ठिकाणी उरेल. त्या दोन ठिकाणी ग्रीस किंवा खाद्यतेलाचा थर लावून ठेवा.

नवीन खुराडं बांधणार असाल तर बांबूच्या पोकळ नळ्या आणि दुहेरी फळ्या टाळा. त्या दिसायला छान असतात, पण माइटसाठी चाळ बांधून दिल्यासारखं आहे.

पिंजऱ्याचं शेड आहे, आठ हजार पक्षी आत. बाहेर तर काढता येत नाहीत.

मग काम टप्प्याने करायचं. आधी कोरडी सफाई: पिंजऱ्यांवरची जाळी-जळमटं, पिसं आणि धूळ काढा. धुळीच्या थरावर मारलेलं औषध धुळीतच मुरतं. खाली साठलेलं कोंबडखत उचला, निदान खांबांना टेकलेले ढीग तरी. मग परवानगी असलेलं औषध जोरदार पंपाने जोडांच्या आत जाईल असं मारा. पाठीवरच्या पंपाने दुरून धुकं उडवणं म्हणजे पाणी वाया घालवणं. नोझल क्लिपेच्या जवळ न्या, खालून वर मारा, फीडरच्या मागची बाजू विसरू नका. फवारणीआधी अंडी उचलून घ्या, खाद्य आणि पाणी झाका.

एक ओळ फवारायची आणि दुसरी पुढच्या आठवड्यात, असं करू नका. सगळं शेड एकाच दिवशी.

एकदा फवारलं, चार दिवस बरं होतं, परत तेच. औषध बोगस आहे का?

बोगस असेलही, पण बहुतेक वेळा कारण साधं असतं. बहुतेक फवारण्यांनी माइटची अंडी मरत नाहीत. चार दिवसांनी दिसतात ती नवी पिल्लं. म्हणून पहिल्या फवारणीनंतर साधारण ७ दिवसांनी दुसरी आणि त्रास जास्त असेल तर आणखी ७ दिवसांनी तिसरी, पण लेबलवर दोन फवारण्यांत जास्त अंतर सांगितलं असेल तर तेच पाळायचं. मधल्या आठवड्यांत साबणपाणी आणि उकळतं पाणी चालू ठेवता येतं. दुसऱ्या फेरीचा कंटाळा करणारे पहिल्या फेरीचे पैसेही घालवतात.

कोणतं औषध वापरावं?

हे पशुवैद्यकाने ठरवायचं. मी इथे कोणत्याही औषधाचं नाव आणि प्रमाण असं सुटसुटीत लिहून देणार नाही, कारण अंडी रोज कुणाच्या तरी घरी जातात. पण दुकानात उभं राहून काय विचारायचं ते सांगतो. लेबलवर कोंबड्यांसाठी परवानगी लिहिली आहे का? त्यातही अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी? पक्षी आत असताना चालतं की फक्त रिकाम्या शेडसाठी आहे? फवारणीनंतर किती दिवस अंडी विकायची नाहीत? या चारांपैकी एकाचंही उत्तर दुकानदार ‘काही होत नाही हो’ असं देत असेल तर बाटली खाली ठेवा.

जगभर या माइटवर पायरेथ्रॉइड गट, म्हणजे सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन, सर्वाधिक वापरला गेला आणि म्हणूनच त्याला दाद न देणाऱ्या माइटही सर्वाधिक झाल्या. मॅलाथिऑनसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट, अमिट्राझ, स्पिनोसॅड हे वेगळ्या पद्धतीने काम करणारे पर्याय. गट बदलायचा म्हणजे कंपनी बदलायची नव्हे. सायपरमेथ्रिन सोडून डेल्टामेथ्रिन आणलं तर गट तोच राहिला.

जुन्या पुस्तिकांत कार्बारिलची भुकटी कोंबडीच्या पंखाखाली चोळा असा सल्ला अजून वाचायला मिळतो. कार्बारिलवर भारतात ऑगस्ट २०१८ मध्ये बंदी आली. एखाद्या कोठीत जुना डबा पडलेला असेल तर तो तिथेच राहू द्या. कोंबड्यांकडे आणू नका आणि ओढ्यात तर मुळीच ओतू नका.

शेतात फवारायचं औषध घरात आहेच. तेच मारलं तर?

नको. आणि का नको, याचं सगळ्यात ठळक उदाहरण याच माइटमुळे घडलं आहे.

२०१७ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या अंडी-फार्मवर लाल माइट घालवायचं एक ‘नैसर्गिक’ मिश्रण वापरलं जात असल्याचं उघड झालं. त्यात फिप्रोनिल मिसळलेलं निघालं. हे तेच फिप्रोनिल, जे आपल्याकडे भाताच्या आणि उसाच्या किडींवर आणि वाळवीवर वापरतात. माणसाच्या खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांवर वापरायला तिथे त्याला परवानगी नव्हती. अंड्यांसाठी युरोपची मर्यादा किलोमागे ०.००५ मिलिग्रॅम, बेल्जियममधल्या एका नमुन्यात १.२ मिलिग्रॅम सापडलं. शंभरावर फार्म बंद ठेवावे लागले, लाखो अंडी नष्ट झाली, कोंबड्या माराव्या लागल्या आणि ती अंडी चाळीसहून जास्त देशांत पोहोचली होती असं पुढे आलं.

फिप्रोनिल चरबीत साठतं, म्हणून फवारणी थांबली तरी अंड्याच्या बलकात ते कित्येक आठवडे उतरत राहतं. तुमच्या अंड्यांची तपासणी कुणी करत नाही, हे कारण होऊ शकत नाही. ती अंडी आधी तुमचीच मुलं खातात.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं तर रक्त पिणारी माइट मरेल ना?

तर्क बरोबर वाटतो, पण नेहमीच्या मात्रेत लाल माइटवर त्याचा भरवसा धरता येत नाही. वाढवलेली मात्रा कोंबडीला सोसत नाही. शिवाय औषध अंड्यात उतरतं. लेअरसाठी हा रस्ता नको.

पाण्यातून द्यायचं औषध निघालंय म्हणे?

हो, फ्लुरालानेर. युरोपीय संघाने २०१७ मध्ये त्याला परवानगी दिली. पिण्याच्या पाण्यातून किलो वजनामागे ०.५ मिलिग्रॅम, ७ दिवसांच्या अंतराने दोनदा. आणि तिथे अंडी विकायला एकही दिवस थांबावं लागत नाही. कोंबडीच्या रक्तात औषध जातं, ते रक्त प्यायलेली माइट मरते. फवारणी न पोहोचणाऱ्या फटीतली माइटसुद्धा कधीतरी जेवायला येतेच, ही यातली खुबी. दोन मात्रांचा परिणाम माइटच्या दोन पिढ्या पुरतो. मात्र वजन आणि पाण्याचा खप मोजल्याशिवाय अंदाजाने देण्यासारखं हे औषध नाही, आणि कुत्र्यांना द्यायची याच द्रव्याची गोळी फोडून पाण्यात घालणं तर मूर्खपणा आहे. आपल्या भागात कोणत्या परवान्याने काय मिळतं ते पशुवैद्यकाकडूनच घ्या.

डायटोमेशियस अर्थची पांढरी भुकटी आणि चुलीतली राख, यांचं काय?

डायटोमेशियस अर्थ म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या जुन्या सांगाड्यांची भुकटी. तिचं आणि राखेचं तत्त्व एकच. माइटच्या अंगावरचा मेणचट थर शोषून किंवा खरवडून घेतात आणि ती सुकून मरते. विष नसल्याने सवय होण्याचा प्रश्न येत नाही. अडचण एवढीच, की हवा दमट असली की परिणाम बराच मंदावतो आणि भुकटी ओली झाली की संपलीच. म्हणजे नेमक्या पावसाळ्यात, गरज असते तेव्हाच ती अडते. पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात हिवाळा-उन्हाळ्यात फटींत भरून ठेवायला उत्तम. जुलैत रत्नागिरीला फार आशा ठेवू नका.

भुकटी घेताना जनावरांसाठीची, न भाजलेली घ्या. पाणी गाळायच्या टाकीत वापरतात ती भाजलेली असते, तिचे स्फटिक फुप्फुसाला घातक. कोणतीही असो, तोंडाला रुमाल नव्हे, नीट मास्क बांधा. कोंबड्यांनाही धूळ झेपत नाही.

राख आणि बारीक कोरडी माती समप्रमाणात एका घमेल्यात ठेवली की कोंबड्या आपणहून लोळतात. उवांसाठी हे चांगलं. लाल माइट फटीत राहते, त्यामुळे लोळणीचा फायदा मर्यादित.

कडुनिंब, तंबाखू, रॉकेल? आजी तर हेच वापरायची.

कडुनिंबाच्या तेलाचा माइटवर परिणाम होतो, हे प्रयोगांतून दिसलं आहे. तेल साबणपाण्यात नीट घोटून फटींत मारलं तर चालू उपायांना जोड मिळते. पेटीत नुसता पाला अंथरण्याने मात्र फारसं काही होत नाही, आणि पाला आठवडाभर तसाच राहिला तर त्याखालीच माइट बसते.

तंबाखूचं पाणी विषारी असतं, कोंबडीलाही आणि हात बुडवणाऱ्यालाही. बंद करा. रॉकेल-डिझेल फटीतल्या माइट मारतं हे खरं, पण वास अंड्यात उतरतो, पायांची कातडी पोळते आणि पेंढ्याच्या खुराड्यात ते ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

फ्लेम गन चालेल?

रिकाम्या शेडमध्ये, लोखंड आणि काँक्रीटवर, जळमटं आधी काढून. ज्योत एका जागी रेंगाळली पाहिजे. भर्रकन फिरवलेल्या ज्योतीने पिसं जळतात, फटीतली माइट नाही. लाकूड, बांबू, झावळ्या, थर्माकोलचं छत असेल तर हातही लावू नका.

खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठून जाते. तिची खोड आहे का?

आधी डालगं तपासा. २१ दिवस एकाच जागी बसलेली उबदार कोंबडी आणि तिच्याखाली जुना पेंढा, माइटला याहून सोय ती काय? रात्रभर रक्त जातं, शेवटी ती अंडी टाकून उठते. बसून राहिली तर निघालेली पिल्लं चार दिवसांत मलूल होऊन मरतात आणि दोष अंड्यांना मिळतो.

बसवण्याआधी डालगं कडक उन्हात तापवा, तळाला कोरडी वाळू किंवा राख, वर नवा पेंढा. सातव्या-आठव्या दिवशी अंडी प्रकाशात तपासता, त्याच वेळी पेंढा बदला. बसलेल्या कोंबडीच्या आणि अंड्यांच्या अंगावर फवारणी नको.

रक्ताचे डाग असलेली अंडी खावीत का?

खायला हरकत नाही, डाग कवचाच्या बाहेर असतो. विकायला मात्र ती निघत नाहीत. ओल्या फडक्याने घासून साठवू नका. पाण्याबरोबर कवचाच्या छिद्रांतून जंतू आत जातात. कोरड्या फडक्याने पुसा आणि आधी वापरा.

आम्हालाच खाज सुटते. माणसाच्या अंगावर राहतात का?

चावतात, राहत नाहीत. मनगट, कमरपट्ट्याची जागा, मान इथे लाल पुरळ उठतं. अंडी गोळा करणाऱ्या बायांना हा त्रास सगळ्यात आधी होतो आणि घरात त्याला घामोळं समजतात. शेडमधले कपडे वेगळे ठेवा, आल्यावर गरम पाण्यात टाका. पुरळ वाढलं तर डॉक्टरांना दाखवताना ‘कोंबड्या आहेत’ हे सांगा; नाहीतर खरजेचं औषध सुरू होतं.

कोंबड्या नाहीत, पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतो. तरी रात्री बारीक लाल किडे चावतात.

एसीच्या मागे, खिडकीच्या कट्ट्यावर कबुतराचं घरटं आहे का बघा. पिल्लं उडून गेली की उपाशी माइट खिडकीच्या फटीतून घरात येतात. नुसती घरात फवारणी करून उपयोग नाही. घरटं रिकामं झाल्यावर मास्क आणि हातमोजे घालून ते पिशवीत बंद करून काढा, जागा साबणपाण्याने धुवा, जाळी लावा आणि खिडकीची फट बुजवा.

युरोपात मित्रमाइट सोडतात, शेड तापवतात असं वाचलं. आपल्याला जमेल?

नेदरलँड्स आणि नॉर्वेमध्ये रिकामं शेड हीटर लावून ४५ अंशांच्या वर कित्येक तास तापवतात. त्यांची शेडं बंदिस्त, आपली दोन्ही बाजूंनी जाळीची; उष्णता टिकणारच नाही. मित्रमाइट, म्हणजे लाल माइटला खाणाऱ्या भक्षक माइटही तिकडे विकत मिळतात, त्या चिलेटस आणि अँड्रोलेलॅप्स गटातल्या. पण एकीकडे त्या सोडायच्या आणि दुसरीकडे फवारणी करायची, हे एकत्र चालत नाही. एवढं सगळं करूनही युरोपातल्या सुमारे ८३ टक्के अंडी-फार्मवर ही माइट आहेच, असा अंदाज प्रसिद्ध झालेला आहे.

म्हणजे कायमची जाणारच नाही?

चिमण्या आणि ट्रे येत राहणार, तोवर पूर्ण नायनाटाची हमी कुणी देत असेल तर त्याच्याकडून काही घेऊ नका. छोट्या खुराड्यातून ती खरोखर घालवता येते. मोठ्या शेडमध्ये ती अंड्यांवर परिणाम न होण्याइतकी कमी ठेवायची असते, आणि त्यासाठी मोजत राहावं लागतं.

मोजायला खर्च नाही. खोक्याचा नालीदार पुठ्ठा हाताच्या पंजाएवढा कापा, दांड्याच्या खाली किंवा पिंजऱ्याच्या जोडाला तारेने बांधा. मोठ्या शेडमध्ये असे दहा-बारा, प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक मजल्यावर. दोन दिवसांनी काढून लगेच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी पांढऱ्या कागदावर झटका. आकडा नेमका नको, पण ‘काहीच नाही, थोड्या, चमचाभर’ असं तारखेसह अंड्यांच्या नोंदवहीतच लिहा. पावसाळ्यात दर आठवड्याला, एरवी महिन्यातून एकदा. ‘थोड्या’ दिसल्या त्याच आठवड्यात हात घातला तर साबणपाण्यावर भागतं. ‘चमचाभर’ होईपर्यंत थांबलात तर तीन फवारण्या, आणि वर अंडी थांबवायचे दिवस वेगळे. जाणकार माणूस हाताशी नसेल किंवा मरतूक सुरू झाली असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. जाताना पिशवीतला तो पुठ्ठा बरोबर न्या.